सीटबेल्ट सैल लोंबतो, परत जात नाही, मध्येच अडकतो: दोष कुठे असतो आणि हात कुठवर लावायचा

तक्रार बहुतेकांची एकच असते. बेल्ट काढला की तो पूर्वीसारखा झपकन आत जात नाही, दाराजवळ लोंबत राहतो. हाताने ढकलावा लागतो. एखाद्या दिवशी ढकलायचं राहून जातं, दार पट्ट्यावर आपटतं आणि कडेला काळा, चिरडलेला वळ उठतो. मग कुणीतरी सांगतं, "स्प्रिंग गेली, अख्खा बेल्ट बदला." बेल्ट बदलला जातो, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं. कारण बऱ्याच वेळा स्प्रिंग गेलेलीच नसते.

पट्टा आत ओढणारी स्प्रिंग मुळातच अशक्त असते, आणि ती मुद्दाम तशी केलेली असते. सीटबेल्टसाठी संयुक्त राष्ट्रांचा १६ क्रमांकाचा नियम अनेक देशांत पाळला जातो. त्यानुसार ही ओढ १ ते ७ न्यूटनच्या दरम्यान असावी लागते, म्हणजे साधारण शंभर ते सातशे ग्रॅम वजनाइतकी. याहून जोरात ओढणारा बेल्ट तासभरात खांद्याला नकोसा होतो, आणि नकोसा झालेला बेल्ट लोक लावत नाहीत. म्हणून स्प्रिंगला जेमतेम पुरेल एवढाच जोर दिलेला असतो. पट्ट्याच्या वाटेत थोडंसं घर्षण वाढलं, तरी ती हरते.

हे घर्षण वाढतं कुठे? खांद्याच्या वर, मधल्या खांबावर एक कडी असते. तिच्यातून पट्टा वळून खाली येतो. घाम, मानेचं तेल, सनस्क्रीन, धूळ, सगळं पट्ट्याला चिकटतं आणि प्रत्येक फेरीला त्याच कडीवर घासलं जातं. काही वर्षांत तिथे काळसर, चिकट थर बसतो. समोर उभं राहून तो दिसत नाही, कारण तो कडीच्या आतल्या अंगाला असतो. बोट फिरवलं की लगेच कळतं.

आधी तपासा, मग खर्च करा

दोष कडीत आहे की पट्टा ज्यावर गुंडाळला जातो त्या खालच्या रिळात, हे कळायला अवजार लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा. पट्टा हातभर बाहेर ओढा. आता एका हाताने पट्टा कडीच्या खाली धरा आणि थोडा वर उचलून कडीवरचा त्याचा भार काढून घ्या, म्हणजे तो कडीला न दाबता मोकळा सरकेल. दुसऱ्या हाताने तो हळूहळू आत सोडा. असा आधार दिल्यावर पट्टा खुशाल आत जात असेल आणि आधार काढताच अडत असेल, तर रीळ ठणठणीत आहे आणि दोष कडीचा किंवा पट्ट्यावरच्या मळाचा आहे. काही गाड्यांत कडी आणि खालचं रीळ यांच्यामधला पट्टा उघडा दिसतो. तिथे तर हे आणखी सोपं: कडीच्या रिळाकडच्या बाजूचा पट्टा चिमटीत धरून थोडा ओढा आणि सोडा. तेवढा तुकडा चटकन आत गेला तर स्प्रिंगला दोष देऊ नका.

आधार देऊनही पट्टा मरगळल्यासारखा जात असेल, ठरावीक जागीच थांबत असेल किंवा आतून खरखर ऐकू येत असेल, तर मामला रिळाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

एक फसवं कारण आधी बाजूला करायला हवं. काही गाड्यांत कडीची उंची खालीवर करता येते. ती मधल्याच खाचेत अर्धवट अडकली असेल तर पट्टा तिरका होतो आणि कडीच्या एका कोपऱ्यात गोळा होतो. कडी खाली ओढून बघा. ती टक्क आवाज करून पक्की बसली पाहिजे. सीटकव्हर नवं घातलं असेल तर त्याचा एखादा पट्टा किंवा शिवण बेल्टला अडत नाही ना, हेही पाहा. इतक्या क्षुल्लक गोष्टीपायी लोक वर्कशॉपात चकरा मारतात.

धुण्याची रीत

पट्टा पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. तो पुन्हा आत जाऊ नये म्हणून रिळाजवळ किंवा कडीजवळ एक रुंद चिमटा लावा. कागदांना लावतात तो मोठा चिमटा चालतो, पण पट्ट्यावर दात उमटू नयेत म्हणून मध्ये फडक्याची घडी घाला. हा चिमटा विसरू नका. ओला पट्टा रिळात शिरला तर ओल आतच राहते, मग वास येतो, बुरशी धरते आणि रिळाचे लोखंडी भागही गंजू शकतात.

बादलीभर कोमट पाणी घ्या, त्यात सौम्य साबणाचे चार थेंब टाका. बाळांचा शाम्पू किंवा भांडी घासायचा पातळ साबण चालतो. मऊ ब्रश त्यात बुडवा, झटकून घ्या आणि पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवं घासलं की विणीतले धागे वर येतात. पट्टा पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, ओलसर ब्रश फिरवायचा. पहिल्या फेरीतच पाणी काळं झालेलं पाहून बरेच जण चकित होतात. दोन्ही बाजू झाल्या की स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने साबण पूर्ण टिपून घ्या. साबण राहिला तर तो पुन्हा धूळ धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

ब्लीच, डाग काढायची तीव्र रसायनं, पेट्रोल, थिनर, कपडे रंगवायचा रंग यातलं काहीही नको. पट्टा पॉलिएस्टरचा असतो. ब्लीचने किंवा तीव्र रसायनाने त्याचे धागे कमजोर होऊ शकतात, आणि ते कमजोर झालेले डोळ्याला दिसत नाहीत. वर सांगितलेल्या नियमात पट्ट्याची तुटण्याची मर्यादा कमीत कमी १४.७ किलोन्यूटन, म्हणजे दीड टन वजनाइतका ताण, अशी ठरवलेली आहे. नेमकी तीच ताकद आपण डाग घालवण्याच्या नादात घालवतो. काही डाग जात नाहीत. जाऊ देत, राहू देत.

आता कडी, म्हणजे खरं काम. सुती कापडाची लांब, अरुंद पट्टी फाडा, ती स्पिरिटने म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा, कडीच्या फटीतून ओवा आणि बूट चमकवतात तशी दोन्ही टोकं धरून पुढेमागे ओढा. पट्टी काळी झाली की नवी घ्या. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. हे करताना स्पिरिट पट्ट्यावर फार सांडू देऊ नका, गाडीची दारं उघडी ठेवा आणि जवळपास काही पेटतं नसू द्या. मळ निघाल्यावर कडीच्या आतून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर उत्तम. प्लास्टिकचं अस्तर झिजून खोबण पडलेली असेल किंवा आतली धातूची कड लागत असेल, तर साफसफाईने भागणार नाही. ती कड पट्टा रोज थोडा थोडा कापत असते. कडी बदलून घ्या. बऱ्याच गाड्यांत ती पट्ट्यासकटच येते, म्हणजे बेल्टचा पूर्ण संच घ्यावा लागतो, पण निदान कशासाठी पैसे गेले ते तुम्हाला ठाऊक असेल.

पट्टा चिमट्यासकट रात्रभर सावलीत सुकू द्या. हेअर ड्रायरची घाई नको, कडक उन्हात ताणूनही ठेवू नका. सकाळी हाताला कुठेही गार लागत नसेल तेव्हाच चिमटा काढा आणि पट्टा हाताने धरून सावकाश आत सोडा. एकदम सोडला तर पट्ट्यावरची क्लिप, म्हणजे बकलमध्ये अडकवतो ती, उडून काचेवर आदळते.

पट्ट्यावर सिलिकॉनचा फवारा मारला की तो लगेच आत जातो, असा एक जुगाड सर्रास सांगितला जातो. जातो खरा, पण त्या चकचकीत थरावर धूळ बसते, महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट चिकटा तयार होतो आणि तो रिळातही शिरतो. ज्या घर्षणाच्या विरोधात ही सगळी खटपट चालली आहे, तेच आपण फवारून वाढवत असतो.

रिळाला हात लावायचा नाही

कडी स्वच्छ, पट्टा स्वच्छ, तरी बेल्ट मलूल. आता लोकांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. इथे थांबा. रिळाच्या एका अंगाला सपाट गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग ताणात बसवलेली असते. झाकण उचकटलं की ती उसळून बाहेर येते, बोटं कापते आणि पुन्हा तशीच्या तशी बसवणं घरी जमत नाही. याहून मोठं कारण म्हणजे प्रीटेन्शनर. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या बेल्टच्या रिळात किंवा बकलमध्ये स्फोटक पदार्थाचं छोटं नळकांडं असतं. धडक झाली की ते पेटतं आणि काही हजारांश सेकंदांत पट्ट्यातला सैलपणा ओढून घेतं. ठोकाठोकी, उष्णता किंवा चुकून लागलेली वीज आणि खरी धडक यांतला फरक या नळकांड्याला कळत नाही. साधा मल्टिमीटर लावून तार तपासली तरी ते पेटू शकतं. त्यामुळे रीळ उघडणं, त्यात तेल सोडणं, स्प्रिंगला दोन वेढे जास्त देणं हे "जमतं" म्हणणारा मेकॅनिक भेटला तर त्याला नमस्कार करून निघा.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं रीळ वरून धुऊन काही होत नाही. आतला गाळ सुकून दातऱ्यांत बसतो. ते बदलायचंच.

उलटा त्रास: पट्टा बाहेरच येत नाही

हा त्रास बिघाड वाटतो, पण पुष्कळदा तो यंत्रणा शाबूत असल्याचा पुरावा असतो. रीळ दोन कारणांनी अडतं. एक, पट्टा झटक्याने ओढला तर. दोन, गाडीच्या चालीत एकदम बदल झाला किंवा गाडी कलली तर. दुसऱ्यासाठी आत एक लहानशी गोळी किंवा लोलक असतो. जोरात ब्रेक लागला किंवा गाडी फार तिरकी झाली की गोळी जागेवरून सरकते, खटका वर उचलते आणि दातऱ्या अडकतात.

घाईत बसून सरकन ओढलेला पट्टा म्हणूनच अडतो. अशा वेळी आणखी जोर लावून उपयोग नाही. पट्टा दोन-तीन बोटं आत जाऊ द्या, खटका सुटतो, मग सावकाश ओढा. पूर्ण आत गेलेल्या स्थितीतच अडला असेल, तर आत जायला जागाच नसते. तेव्हा एकदा घट्ट, जोरात ओढून धरा, म्हणजे रिळावरचे वेढे आवळतात, आणि लगेच सोडा. सोडताना मिळालेल्या त्या बोटभर ढिलाईत खटका सुटतो. एकदोनदा करून बघावं लागतं.

उतारावर उभ्या गाडीत बेल्ट निघत नाही, ही तक्रार जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच नियमाप्रमाणे रीळ आपल्या ठरलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कललं तरी अडता कामा नये आणि नेहमीच्या प्रकारचं रीळ २७ अंशांच्या पुढे अडलंच पाहिजे. १२ अंश म्हणजे शंभर मीटर जाताना एकवीस मीटर चढ. असा रस्ता क्वचितच भेटतो. तेव्हा साध्या उतारावर, पट्टा हळुवार ओढूनही तो दरवेळी अडत असेल, तर रीळ गाडीत सरळ बसलेलं नसण्याची शक्यता धरा. दाराच्या खांबाचं डेंटिंग झालं असेल, आतलं प्लास्टिकचं आवरण काढून परत बसवलं असेल, किंवा दुसऱ्या मॉडेलचं रीळ बसवलं असेल, तर ते थोडं तिरकं बसतं. मग उताराचे उरलेले चार-पाच अंशही त्याला पुरतात. "पेंटिंगचं काम करून आल्यापासून बेल्ट अडतो" असं कुणी म्हटलं की मी आधी रिळाचा बोल्ट आणि त्याची खुंटी खाचेत बसली आहे का, हे तपासायला सांगतो. सपाट जागी ठीक आणि उतारावर अडतो, ही त्याची खूण.

आणखी एक प्रकार. मागच्या सीटवर किंवा पुढच्या प्रवाशाच्या बाजूला पट्टा पूर्ण बाहेर ओढला गेला, आणि आता तो कट-कट-कट करत फक्त आतच जातो, बाहेर येत नाही. घाबरू नका. काही गाड्यांत मुलांची सीट घट्ट आवळून बसवता यावी म्हणून ही सोय दिलेली असते. पट्टा पूर्ण बाहेर आला की ती सुरू होते. पूर्ण आत जाऊ दिला की आपोआप बंद होते. वर सांगितल्याप्रमाणे धुण्यासाठी पट्टा शेवटपर्यंत ओढल्यावरही हेच होऊ शकतं. मोठ्या माणसाने मात्र तसाच अडकलेला बेल्ट लावून बसू नये, तो दर हालचालीला आवळत जातो.

पीळ

पट्टा कडीजवळ किंवा क्लिपमध्ये उलटा होऊन बसला की तोही आत जायला कुरकुरतो, कारण फटीतून दुहेरी जाडी सरकत नाही. शिवाय पिळलेला पट्टा छातीवर पाच सेंटिमीटर रुंद राहत नाही, दोरीसारखा होतो आणि सगळा भार बोटभर जागेवर घेतो. घरी सुटणारा दोष आहे हा. पीळ सरकवत क्लिपजवळ आणा. क्लिपच्या लगत पट्ट्याची तिरकी घडी घाला, ती घडी क्लिपच्या फटीतून हळूहळू पलीकडे सरकवा आणि तिकडे उलगडा. अर्धा पीळ निघतो. कडीतला पीळही याच रीतीने निघतो, फक्त तिथे बोटांना जागा कमी मिळते. एवढं करूनही पीळ पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्ट्याचं खालचं टोक सीटशेजारी जिथे बोल्टने बांधलेलं असतं तिथे पाहा. बोल्ट काढून लावताना कुणीतरी ते टोक उलटं बसवलेलं असतं. तो बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा असतो, म्हणून ते काम वर्कशॉपात.

क्लिप घसरून थेट जमिनीपर्यंत जात असेल, तर पट्ट्यावरची छोटी प्लास्टिकची गुंडी पडलेली आहे. ती क्लिपला हाताशी अडवून ठेवते. गुंडी वेगळी मिळते. पण ती बसवायला पट्ट्याला गरम सळईने भोक पाडू नका. सुईदोऱ्याने गाठ मारायचा उद्योगही नको.

बकल

बकल नीट लागत नाही, लाल बटण आतच राहतं, किंवा लागलेलं असूनही बेल्टचा भोंगा ओरडतो, याच्या मुळाशी फार वेळा खाण्याचा चुरा, नाणं, खेळण्याचा तुकडा किंवा सांडलेलं गोड पेय असतं. मागच्या सीटवर मुलं बसत असतील तर जास्तच. व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी बकलच्या तोंडाला लावा, बटण दाबत-सोडत ओढून घ्या. दाबाच्या हवेचा डबा असेल तर बकलचं तोंड खाली करून फुंका, म्हणजे कचरा बाहेर पडेल, आणखी आत जाणार नाही. आत पिन, चाकू, स्क्रूड्रायव्हर घालू नका. आतल्या बारीक स्प्रिंगा आणि सूचना देणारा स्विच त्याने सहज जायबंदी होतो. तेल तर मुळीच नको. तेल आणि धूळ मिळून आत जो राप बसतो त्याने बकल अर्धवट लागायला लागतं. अर्धवट लागणारं बकल हे न लागणाऱ्या बकलपेक्षा घातक, कारण तुम्ही निर्धास्त असता.

तपासणी सोपी आहे. खटक ऐकू आलं पाहिजे, मग पट्टा जोरात ओढून बघा, सुटता कामा नये, आणि बटण दाबल्यावर क्लिप स्वतःहून उसळून बाहेर आली पाहिजे. या तिन्हींपैकी एक जरी अधूनमधून चुकत असेल तरी बकल बदला. गोड पेय आत सुकलेलं असेल तर साफसफाईवर वेळ घालवू नका.

आवाज आणि दिवा

शेजारची सीट रिकामी, तरी बेल्टचा भोंगा वाजतोय. बहुधा सीटवर पिशवी किंवा लॅपटॉप आहे. सीटखालचा सेन्सर वजन पाहतो, माणूस पाहत नाही. पिशवी खाली ठेवा. यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे बकलमध्ये खोचायची नुसती क्लिप. तिने भोंगा गप्प होतो, पण गाडीचा मेंदूही फसतो. बेल्ट लागलेला आहे की नाही हे पाहून काही गाड्या प्रीटेन्शनर आणि एअरबॅग कधी उघडायची ते ठरवतात. एअरबॅग ही बेल्टची जोडीदार म्हणून बनवलेली आहे. बेल्ट नसलेला माणूस पुढे फेकला जात असतानाच ती त्याच्या तोंडावर येते.

एअरबॅगचा इशारा देणारा दिवा सतत पेटून राहत असेल तर ती बेल्टचीही तक्रार असू शकते, कारण प्रीटेन्शनर त्याच यंत्रणेत मोडतो. पुढच्या सीटखाली बहुधा पिवळ्या रंगाचे जोड असतात. सीटखाली छत्री, बाटली, चपला कोंबल्या किंवा सीट वारंवार मागेपुढे केली की ते ढिले होतात. सीटखालचं सामान काढा, पण जोड स्वतः हलवून बघू नका. बॅटरी सोडवून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून ते काम करावं लागतं. दिवा पेटलेला आहे तोवर धडकेत प्रीटेन्शनर चालेल याची खात्री धरू नका.

कधी थेट बदलायचा

कडा उसवलेल्या, कापलेल्या, सिगारेटने जळालेल्या, उन्हाने विटून कडक झालेल्या पट्ट्याला दुरुस्ती नाही. शिंप्याकडे नेऊन कड शिवून आणणारे लोक आहेत. त्या शिवणीवर दीड टनाचा ताण येणार आहे, एवढंच त्यांना विचारावं.

मोठ्या धडकेत वापरात असलेला बेल्ट पुन्हा वापरू नये, वरून ठीक दिसला तरीही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर आतल्या माणसाच्या शरीराला मिळणारा धक्का दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. सत्तर किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचा तर सरासरी १३ ते १४ किलोन्यूटन बळ लागतं. ते झेलताना पट्ट्याची वीण ताणली जाते, आणि अनेक गाड्यांत रिळातली एक सळई मुद्दाम पिळली जाते, म्हणजे छातीवरचा भार एका मर्यादेपुढे जाऊ नये. हे भाग एकदाच वापरायचे असतात. खुणा शोधायच्या तर क्लिपच्या फटीजवळचं प्लास्टिक वितळल्यासारखं घासलेलं दिसतं, पट्ट्यावर लाटा किंवा चमकदार पट्टे उमटतात, बकलचा दांडा नेहमीपेक्षा खाली ओढला गेलेला असतो किंवा रीळ कायमचं अडकलेलं असतं. भंगारातल्या गाडीतून काढलेला बेल्ट यासाठीच घेऊ नका. त्याने काय झेललंय ते विकणारा सांगणार नाही.

सगळं ठीक, तरी सैल

कधी कधी यंत्रात दोष नसतो, बसण्यात असतो. जाड जॅकेटवरून लावलेला बेल्ट घट्ट वाटतो, पण जॅकेटमधली हवा धडकेत दबते आणि तेवढाच सैलपणा उरतो. आराम मिळावा म्हणून कडीजवळ चिमटा लावून पट्टा ढिला ठेवणाऱ्यांचंही तेच. सीट फार मागे रेलून झोपलात तर खालचा पट्टा ओटीपोटावर सरकतो आणि शरीर त्याच्याखालून घसरत जातं. नील्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वोसाठी तीन बिंदूंचा बेल्ट आणला, तेव्हा त्यातली मेख हीच होती की भार मजबूत हाडांनी घ्यावा. खालचा भाग कमरेच्या हाडांवर, मांड्यांना लागून. वरचा खांद्याच्या मधोमध, गळपट्टीच्या हाडावरून छातीच्या मध्यावर. काखेखालून घेतला तर तो बरगड्या मोडतो. पाठीमागे टाकला तर वरच्या अंगाला आधारच नाही. गरोदरपणी खालचा पट्टा पोटाच्या खालून आणि वरचा पोटाच्या बाजूने, दोन स्तनांच्या मधून जायला हवा.

मान कापते म्हणून बेल्ट टाळणाऱ्यांनी आधी कडी एक खाच खाली घेऊन बघावी. लहान मुलांच्या बाबतीत मात्र तो उपाय नाही, तिथे उंची वाढवणारी सीटच लागते. देशोदेशीचे नियम १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत ती मागतात. आणि मूल मांडीवर घेऊन दोघांवर एक बेल्ट, हे तर कधीच नको. तसं केलं तर मोठ्या माणसाचं वजन मुलाला पट्ट्यावर चिरडतं.

जुनी गाडी घेताना

प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. लोक हातभर ओढून सोडून देतात, आणि चिखल, बुरशी, कापलेली जागा नेमकी शेवटच्या वेढ्यांत असते. पट्टा आतल्या टोकाला मातकट आणि बाहेरच्या भागात स्वच्छ असेल तर गाडी पाण्यात गेली असण्याची शंका घ्या. मग झटका देऊन अडतो का ते पाहा, चारही जागी. मागच्या मधल्या सीटचं बकल सीटच्या खाली दडपलेलं असतं, तेही बाहेर काढून लावून बघा. पट्ट्यावर, बहुधा खालच्या टोकाशी, शिवलेली छोटी चिठ्ठी असते आणि तिच्यावर बऱ्याचदा बनवल्याची तारीख असते. ती गाडीच्या तारखेच्या आसपासची हवी. पुढच्या दोनपैकी एकाच बेल्टची तारीख खूप नंतरची निघाली, तर तो बदलला आहे. का बदलला, आणि त्याच वेळी एअरबॅगचं काय झालं, हे विक्रेत्याला तिथेच विचारा आणि बिल दाखवायला सांगा.